बेंझीन आणि बेंझाइन

श्रोतेहो, तिन्हीसांजेला आपल्याकडे निखाऱ्यावर ऊद टाकतात. त्यालाच कोणी लोबान म्हणतात. आज ज्या दोन नावांच्या घोटाळ्याविषयी बोलायचे आहे, त्या दोहोंचे मूळ या लोबानात आहे! सुमात्रा बेटावरचा हा डिंक अरब व्यापारी ‘लुबान जावी’ म्हणून विकीत. युरोपात पोचेपर्यंत त्यातला ‘लु’ गळाला आणि उरलेल्याचे ‘बेंझॉइन’ झाले.

1825 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने दिव्याच्या गॅसच्या नळकांड्यांत तळाशी साचणाऱ्या द्रवातून एक स्वच्छ, पातळ पदार्थ वेगळा काढला. पुढे काही वर्षांनी बर्लिनच्या मित्शरलिख याने उदापासून मिळणारे आम्ल चुन्याबरोबर तापवले, तर हाच पदार्थ हाती आला. उदावरून त्याने नाव ठेवले ‘बेंझीन’. लीबिगला मात्र हे शेपूट खटकले. क्विनीन, स्ट्रिक्नीन यांच्या पंगतीतलेच हे एक, असा समज व्हायचा! त्याने ‘बेंझोल’ सुचवले आणि जर्मनीत तेच रुळले. मोकळे पडलेले जुने नाव पुढे खनिज तेलाच्या हलक्या भागाला चिकटले. म्हणून जर्मन माणूस आजही मोटारीत ‘बेंझीन’ भरतो. ते आपले पेट्रोल.

इंग्रजीत या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत बहुधा तेवढाही राहत नाही. दोन्ही ‘बेंझीन’च लिहिली जातात. माझ्या मते दुसऱ्याला सरळ ‘बेंझाइन’ लिहावे, कानाला थोडे खटकले तरी चालेल.

कारण पदार्थ अगदी निराळे. बेंझीन म्हणजे सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन यांचे एकच संयुग. ते 80 अंश सेल्सिअसला उकळते आणि साडेपाच अंशांना गोठते. बेंझाइन हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण, त्याला एक असा उत्कलनबिंदूच नाही. पेट घ्यायला दोन्ही तयार. कोळशाच्या डांबरातून बेंझीन काढण्याची रीत बसवणारा चार्ल्स मॅन्सफिल्ड 1855 साली त्याच कामात भाजून मरण पावला. आणि बेंझीनचा दुसरा अवगुण तर डोळ्यांना दिसतही नाही: त्याची वाफ दीर्घकाळ हुंगणाऱ्या कामगारांना रक्ताचा कर्करोग होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या कपाटात नुसते ‘बेंझीन’ लिहिलेली जुनी बाटली असेल, तर ती उघडू नका, वासही घेऊ नका. बाटलीवर रासायनिक सूत्र किंवा उत्कलनबिंदू छापलेला आहे का, ते आधी पाहा.