वाण, गुण आणि कोसबाडची टेकडी



आनुवंशिकता आणि परिस्थिती, माणूस कशाने घडतो, हा आजचा विषय. आपल्या भाषेत याला दोन उत्तरं तयार आहेत. एक, 'खाण तशी माती'. दुसरं, 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. दोन्हींत तथ्य आहे. पण यातली कुठली म्हण कोणाला लावली गेली, हे इतिहासात पाहावं लागतं. आपल्या मुलाला मार्क कमी पडले की आपण शिकवणी लावतो, म्हणजे परिस्थिती बदलतो. आणि कातकऱ्याच्या पोराने शाळा सोडली की म्हणतो, 'त्यांच्या रक्तातच नाही'.

या 'रक्ता'ला विज्ञानाचं वजन देण्याचा प्रयत्न गेल्या शतकात झाला. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी १९२७ साली बर्लिनला कैसर विल्हेल्म संस्था निघाली. संचालक ऑयगेन फिशर. त्यांच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेट करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो, त्याचा संबंध वंशाशी आणि युरोपीय माणसाच्या बुद्धीशी आहे, अशी फिशर यांची कल्पना. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. फरक होता, पण वंशाशी त्याचा मेळ बसेना. त्यांनी तसंच लिहिलं. गुरूच्या मताविरुद्ध, परक्या देशात! १९३० साली त्यांना पदवी मिळाली. पुढे तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि आनुवंशिक दोषाच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. चुकीचं उत्तर कुठवर नेतं, ते बघा.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाण्यातच होता. वारली मुलं शाळेत येत नव्हती. आता 'रक्तात नाही' म्हणून शाळा बंद करता आली असती. या दोघींनी विचारलं, मूल दिवसभर असतं कुठे? लहानगं पाड्यावर, धाकट्या भावंडाला सांभाळत. थोडं मोठं झालं की गुरांमागे. मग बालवाडी पाड्यातल्या अंगणात भरू लागली, तिचं नाव अंगणवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर खडे, पानं, बिया, शिंपले साधनं झाली. आधी आंघोळ, नखं कापणं, मग गाणी-गोष्टी.

मुलं तीच, आईबाप तेच, वाण तोच. बदललं ते अंगण. आणि मुलं शिकू लागली. पुढे १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

म्हणून काय, आनुवंशिकता खोटी? मुळीच नाही. सिकल सेलचा आजार आपल्या राज्यातल्या काही आदिवासी समाजांत आढळतो. तो जनुकातूनच येतो. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पण हे जनुक टिकलं कशामुळे? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणजे डासांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याची खूण रक्तात उतरली. आणि आज ते मूल कसं जगेल, हे बऱ्याच अंशी वेळेवर झालेल्या रक्ततपासणीवर, औषधावर आणि दवाखाना किती दूर आहे यावर ठरतं. इथे वाण आणि गुण वेगळे काढणार कसे? शेतकऱ्याला हे सांगायला नको. बियाणं कितीही चांगलं असलं तरी खडकावर टाकून त्याची परीक्षा होत नाही.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक भेद महत्त्वाचा वाटतो. एखाद्या गोष्टीचं कारण काय, हा एक प्रश्न. त्यावर आपण काय करायचं, हा दुसरा. 'रक्तातच नाही' हे वाक्य पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं करतं आणि दुसरा प्रश्न विचारूच देत नाही.

डोळखांबच्या आजूबाजूला ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे आहेत. कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. पोरं बरोबर असतात. घरची बोली कातकरी, पुस्तकातली मराठी निराळी. जूनमध्ये हे पोर वर्गात गप्प बसलं, तर तो वाणाचा दोष म्हणायचा की भट्टीवर गेलेल्या महिन्यांचा? ताराबाई असत्या तर त्यांनी शाळा भट्टीवर नेली असती, असं मला वाटतं. निदान मास्तरांनी आणि पालकांनी त्या मुलाविषयी मत बनवण्याआधी इतकं तरी विचारावं, की याला अंगण मिळालं होतं का?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.