कलीमची पुस्तके : उर्दू वाचकाच्या एका नादाचा इतिहास

'किस्से-कहाण्या वाचून कुणाचे भले झाले आहे?' हा सवाल आपल्या समाजात निदान दीडशे वर्षे विचारला जात आहे. जादूच्या गोष्टी, जासूसी कादंबऱ्या, इश्काच्या कहाण्या यांत रमणारा मुलगा वाया गेला, असे घरचे वडीलधारे मानतात. शाळेतले शिक्षकही बहुधा तेच मानतात. मी स्वतः उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे या सवालाशी माझी रोजची गाठ आहे. परंतु उर्दू वाचनाचा इतिहास चाळला की एक वेगळीच गोष्ट समोर येते. ज्या वाचनाला आपण फुकट गेलेला वेळ म्हणतो, त्यानेच उर्दूला पिढ्यान्पिढ्या वाचक मिळवून दिला.

या इतिहासाची सुरुवात 1857च्या पराभवानंतरच्या काळापासून करावी लागेल. दिल्ली उजाड झाली होती. जुनी घराणी कोसळली होती. समाज मागे का पडला, या चिंतेने सुधारकांना ग्रासले होते. अशा वेळी 1868 साली वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे देण्याचे जाहीर केले. 1869 साली डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही कादंबरी आली आणि तिला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही कहाणी पुढे कित्येक घरांत मुलींना शिकवली गेली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून साधारणपणे तिचेच नाव घेतले जाते. म्हणजे उर्दू कादंबरी जन्मली तीच मुळी 'उपयुक्त' म्हणून.

याच लेखकाची 1870च्या दशकातील 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कॉलऱ्याच्या साथीत नसूह मरणाच्या दारातून परततो आणि आपल्या कुटुंबाला दीनदारीच्या वाटेवर आणायचे ठरवतो. थोरला मुलगा कलीम मात्र शायर, शौकीन आणि स्वाभिमानी आहे. बाप बोलावतो, मुलगा जात नाही. शेवटी कलीम घर सोडतो. नसूह त्याच्या खोल्या उघडतो, तेव्हा तेथे सुंदर बांधणीची पुस्तके सापडतात. त्यांत किस्से आहेत, मसनव्या आहेत, दिवाण आहेत. नसूह ती सारी जाळून टाकतो. कलीमचा शेवटही दुःखद होतो.

नझीर अहमद यांचा हेतू वाईट नव्हता. बुडत्या समाजाला त्यांना हात द्यायचा होता. पण या कादंबरीचा निकाल वाचकांनी लेखकाच्या मनाप्रमाणे लावला नाही. कादंबरी वाचून झाल्यावर नसूहचे उपदेश विसरले जातात आणि ध्यानात राहतो तो कलीम. त्याला बडेजाव दाखवून ऐनवेळी दगा देणारा मिर्झा जाहिरदार बेगही तसाच ध्यानात राहतो. ज्या लेखकाने किस्से जाळले, त्याच्या लेखणीत किस्सागोची ताकद होती. म्हणूनच तो आजही वाचला जातो.

कादंबरीतली ही होळी विझून फार वर्षे झाली नव्हती, तोच लखनौत उलटे घडले. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 साली तेथे छापखाना सुरू केला होता. या हिंदू प्रकाशकाने कुरआन शरीफच्या स्वस्त प्रती छापल्या, हिंदू धर्मग्रंथ छापले, फारसी-अरबीतली अभिजात पुस्तके छापली. आणि 1883 साली त्यांनी 'तिलिस्मे होशरुबा'चा पहिला खंड बाहेर काढला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. 1893पर्यंत सात खंड झाले. हा तरी एका मोठ्या मालिकेचा केवळ एक भाग होता. 'दास्ताने अमीर हम्जा'ची पूर्ण मालिका 46 खंडांची आहे आणि तिची पाने 40 हजारांहून अधिक भरतात. जगात एवढी लांब काल्पनिक कथा क्वचितच सापडेल. गंमत अशी की हाली यांचा जुन्या शायरीवर कडक टीका करणारा 'मुकद्दमा' प्रसिद्ध झाला तोही 1893 सालीच. एकीकडे सुधारक वाचकाला कल्पनेच्या दुनियेतून बाहेर काढत होते, तर दुसरीकडे वाचक पुढच्या खंडाची वाट पाहत होता.

या दास्तानीत होते तरी काय? जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब आणि त्याचा तिलिस्म, म्हणजे मंत्राने बांधलेला मुलूख. त्याच्याशी लढणारे अमीर हम्जाचे वंशज आणि साथीदार. आणि सर्वांना पुरून उरणारा अमर अय्यार. अमर अय्यार जादूगार नाही. तो वेष पालटतो, गाणे गातो, बेशुद्ध करतो आणि साऱ्या जगाचा ऐवज पोटात घेणारी 'जंबील' नावाची झोळी बाळगतो. राजे आणि जादूगार जिथे हरतात, तिथे हा लोभी, विनोदी, हुशार माणूस जिंकतो. सामान्य वाचकाला तो आपला वाटला यात नवल काय? शिवाय ही कथा फक्त वाचणाऱ्यांची नव्हती. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशी ती पसरली. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांच्याही कानावर चांगली उर्दू पडत राहिली.

पुढे हिंदीतही हेच झाले. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तले तिलिस्म आणि ऐयार हे याच दास्तानींचे वारस. ती कादंबरी वाचण्यासाठी पुष्कळ लोक हिंदी शिकले, असे हिंदीवाले अभिमानाने सांगतात. आपण मात्र आपल्या दास्तानीबद्दल तेवढे बोलत नाही.

असल्या वाचनाने मुले बिघडतात म्हणणाऱ्यांनी प्रेमचंदांची आठवण ठेवावी. गोरखपूरला ते शाळेत होते तेव्हा तेरा वर्षांच्या आसपासचे होते. पुस्तके विकत घेण्याइतका पैसा घरात नव्हता. एका पुस्तकविक्रेत्याच्या कुंज्या ते शाळेत विकत आणि त्या बदल्यात त्याच्या दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचत. 'तिलिस्मे होशरुबा', रेनॉल्ड्सच्या रहस्यकथांची भाषांतरे, सरशार, शरर, जे हाती लागले ते त्यांनी वाचले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शेतकऱ्याच्या दुःखाचा सर्वांत मोठा कथाकार जादूगारांच्या मुलुखातून चालत आला, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.

अभिजात आणि बाजारू यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, तीही इतिहासात फारशी टिकत नाही. मिर्झा हादी रुसवा यांची 1899 सालची 'उमराव जान अदा' आज विद्यापीठात शिकवली जाते. त्याच रुसवांनी पुढे इंग्रजीवरून खुनाच्या आणि भेदाच्या कादंबऱ्या उर्दूत आणल्या.

मग आले इब्ने सफी. त्यांचे मूळ नाव असरार अहमद, जन्म 1928 सालचा, अलाहाबाद जिल्ह्यातला. उर्दूत अश्लील लिखाणाशिवाय काही खपत नाही, असे मित्रमंडळींत कुणी म्हटले, ते त्यांना लागले. स्वच्छ लिहूनही वाचक मिळवून दाखवायचा, या जिद्दीने 1952 साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' ही मासिक मालिका सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले. पण कादंबऱ्या दोन्ही देशांत निघत राहिल्या. फरीदी, हमीद आणि इम्रान ही नावे घराघरांत पोहोचली. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला, तरी हमीद हमीदच राहिला. 1980 साली ते वारले तोवर दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या झाल्या होत्या. फाळणीनंतर भारतात उर्दूची रोजीरोटीची बाजू ढासळत होती. नोकरीसाठी उर्दूची गरज उरली नव्हती. अशा काळात कारागीर, दुकानदार, विद्यार्थी आणि घरातल्या मुली महिनोन्महिने उर्दू वाचत राहिल्या, त्या फरीदी-हमीदच्या ओढीने. समीक्षकांनी मात्र कित्येक वर्षे या लेखकाला साहित्याच्या उंबऱ्याबाहेरच उभे केले.

मराठी वाचकाला ही कहाणी अनोळखी वाटू नये. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली ती 1861च्या सुमारास, आणि हळबे यांची 'मुक्तामाला' आली तीही त्याच वर्षी. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि साध्या माणसाला वाचनाची चटक लावली. त्यांच्याही वाट्याला शिष्टांची उपेक्षाच आली. या बाबतीत मराठी आणि उर्दू या खऱ्या सख्ख्या बहिणी.

आता पुन्हा नझीर अहमद. 1908 साली त्यांचे 'उम्महातुल उम्मा' हे पुस्तक आले. पवित्र विषयावर त्यांनी आपली नेहमीची दिल्लीची बोलीभाषा वापरली, ती लोकांना बेअदबीची वाटली. मोठा गहजब झाला आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. ज्याने कलीमची पुस्तके कादंबरीत जाळली, त्याची स्वतःची पुस्तके खरोखर जळली. यात कुणाला हिणवण्याचे कारण नाही. धडा एवढाच की पुस्तके जाळणारा हात कोणते पुस्तक केव्हा उचलेल, याचा भरवसा नसतो.

आज कुणी पुस्तके जाळत नाही. त्याची गरजच राहिलेली नाही. मुलांच्या हाती पाठ्यपुस्तक आणि गाइड सोडून तिसरे पुस्तक जाऊच द्यायचे नाही, एवढे केले तरी तोच परिणाम साधतो. ग्रंथालयाचे कपाट असते, त्याला कुलूप असते, किल्ली कपाटात नोंद असलेल्या माणसाकडे असते आणि पुस्तके 'खराब होऊ नयेत' म्हणून जपली जातात. दहावीला उर्दूत चांगले गुण मिळवणारी मुले पुढे आयुष्यात उर्दूचे एकही पान वाचत नाहीत, आणि मराठीचेही नाही. मग आपण परिषदा भरवून वाचनसंस्कृतीची चिंता करतो.

शम्सुर्रहमान फारूकी यांनी आयुष्यातली अनेक वर्षे घालवून अमीर हम्जाचे 46 खंड गोळा केले आणि त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. 2005पासून दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली. हे काम विद्वानांनी आणि कलावंतांनी केले. शिक्षकांचे आणि आईबापांचे काम त्याहून सोपे आहे. मुलगा भुताची गोष्ट वाचतो आहे, मुलगी जासूसी कादंबरीत डोके खुपसून बसली आहे, तर वाचू द्यावे. प्रेमचंद आणि उमराव जान पुढच्याच वळणावर उभे असतात. पण तिथवर चालत जाण्याची सवय अमर अय्यारच लावतो. कपाटाचे कुलूप तेवढे आपण काढायला हवे.