दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग

दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग हा दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को आंतरराष्ट्रीय विमानतळ यांना जोडणारा लांब पल्ल्याचा हवाई मार्ग आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या मार्गावर विनाथांबा सेवा सुरू केली. अधिक अंतराच्या मार्गाने कमी वेळात पोहोचता येते, याचे हा मार्ग बोलके उदाहरण आहे.

अंतर

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन स्थळांमधील किमान अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. त्यानुसार या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. हा कंस तिबेटच्या पश्चिम भागावरून सायबेरियाकडे जातो, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे पोहोचतो आणि अलास्कावरून दक्षिणेस उतरतो. मात्र विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला विमान सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास असल्याने तेथे हे शक्य होत नाही. त्यामुळे विमानांना वळसा घ्यावा लागतो.

मार्ग व प्रवासाचा वेळ

आरंभी विमाने पश्चिमेकडे युरोप व अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर अंतर कापत. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने बोईंग ७७७-२००एलआर विमान पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेले. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक होते. तरीही प्रवास सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे जवळपास दोन तास लवकर पूर्ण झाला. यानुसार सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतो.

याचे कारण जेट प्रवाह हे आहे. साधारणपणे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर हे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून साहाय्य करतात, तर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला समोरून विरोध करतात. वाऱ्यांचा जोर ऋतूनुसार बदलत असल्याने प्रवासाचा वेळही बदलतो.

स्थानिक वेळ

भारतीय प्रमाणवेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेपेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास, तर हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असते. उन्हाळ्यात पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघालेले विमान साडेपंधरा तासांनी पोहोचले, तर तेथे त्याच दिवशी सकाळचे ७ वाजलेले असतात. त्यामुळे तिकिटावरील दोन वेळांच्या वजाबाकीतून प्रवासाचा खरा कालावधी मिळत नाही.

हवाई हद्दीचे प्रश्न

मार्गाची निवड राजकीय परिस्थितीवरही अवलंबून असते. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द अमेरिकी विमान कंपन्यांना बंद झाली. भारतीय कंपन्यांना ती खुली राहिली. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. दुसरे विमान पाठवून प्रवाशांना ८ जून रोजी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचवण्यात आले. दूरच्या प्रवासात वाटेवर उतरण्याजोगे विमानतळ असणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांनाही वळसा घ्यावा लागला.