डबल ओटीची कुळकथा

ओव्हरटाइमचा (ओटीचा) दुप्पट पगार म्हणजे मेहनती कामगाराला मिळणारी बक्षिशी, असा समज कारखान्यांत सर्रास आढळतो. या रकमेचे मूळ शोधले तर वेगळेच दिसते. मालकाला जादा तास महाग पडावेत आणि त्याने ते टाळावेत, यासाठी ती कायद्यात आली.

मुळात हद्दच नसेल, तर जादा तास मोजणार कुठून? मुंबईच्या गिरण्या पूर्वी सूर्योदयाला सुरू होत आणि सूर्यास्ताला थांबत. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, पण पुरुषाला दिवसाला किती तास राबवावे, यावर कायद्याचे बंधन नव्हते. 1881 च्या कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले होते. 1891 मध्ये बायकांचे बांधले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधाराची आडकाठीही उरली नाही. काम 14-15 तासांवर गेले. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा मिळाली ती 1911 मध्ये. जादा दराचा प्रश्न त्यानंतरचा. 1919 च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाचे तास ठरवले आणि मर्यादेपलीकडच्या तासांना किमान सव्वापट दर सांगितला. भारतासाठी आठवड्याला 60 तासांची वेगळी सवलत ठेवली गेली. त्यानुसार 1922 मध्ये आपला कायदा बदलला, आणि ज्यांना त्या मर्यादेतून सूट दिली जाईल, त्यांच्या जादा तासांना सव्वापट मजुरी लागू झाली. म्हणजे जादा दर जन्माला आला तोच मर्यादा ओलांडण्याची अट म्हणून.

1946 मध्ये हे नाते आणखी घट्ट झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळत असताना आणलेल्या दुरुस्तीने एव्हाना 54 तासांवर आलेला बारमाही कारखान्यांचा आठवडा 48 तासांवर आला आणि त्याच दुरुस्तीत जादा तासाचा दर दुप्पट झाला. नुसते बक्षीस द्यायचे असते, तर तास कमी करण्याची गरज नव्हती. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 59 मध्ये तोच दुप्पट दर कायम राहिला.

कामगारच ओटी मागतात, मग त्याला आवर कशाला, असे मालकवर्ग विचारतो. मागणी खरी आहे, पण तिच्यामागे आठ तासांच्या पगारात घर न चालणे आहे. थकलेल्या हातांकडून आणखी चार तास घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोठी ऑर्डर आली, मशीन बंद पडले, तर काम थांबवायचे का? कायदा थांबवायला सांगतच नाही. ठरलेल्या मर्यादेत जादा काम घेता येते, फक्त अडचणीची किंमत कामगाराच्या अंगावर टाकता येत नाही. एप्रिल 2020 मध्ये गुजरात सरकारने महामारीचे कारण देऊन 12 तासांचे काम आणि जादा तासांना साधाच दर अशी अधिसूचना काढली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळातल्या जादा कामाचे कायदेशीर पैसे कामगारांना देण्याचा आदेश दिला.

तरीही ‘सिंगल ओटी’ची रीत औद्योगिक वसाहतींत चालूच आहे. कायद्याने दुप्पट दर लागू असलेल्या कामगाराला साध्या दराने ओटी देणे बेकायदा आहे. दुप्पट दर काढताना महागाई भत्ता वगळून नुसते बेसिक धरणेही तितकेच बेकायदा आहे.