खडीसाखर, मसाला आणि एक पितळी डबी

मंडळी, आज एक कोडं. लाखो माणसं घरापासून दूर लढायला गेली आहेत. त्या प्रत्येकाला तुम्हाला एक भेट पाठवायची आहे. ती खिशात मावली पाहिजे, कारण पाठीवर आधीच भरपूर ओझं आहे. प्रवासात फुटायला नको, सांडायला नको. कुणी तंबाखू ओढतो, कुणाला ती निषिद्ध आहे. कुणी अमुक खात नाही, कुणी तमुक शिवत नाही. बजेट लोकांच्या वर्गणीतून येणार. आणि डेडलाइन? नाताळ. हातात जेमतेम अडीच महिने!

हे कोडं खरोखरच घातलं गेलं होतं, ऑक्टोबर १९१४ मध्ये. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याची १७ वर्षांची मुलगी, राजकन्या मेरी, हिच्या नावाने एक फंड सुरू झाला. लोकांनी १ लाख ६२ हजार पौंडांहून जास्त रक्कम दिली आणि त्यातून तयार झाली एक पितळी डबी. सुमारे पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, सव्वा इंच उंच. झाकणावर मेरीचा चेहरा, कडेने मित्रराष्ट्रांची नावं आणि 'ख्रिसमस १९१४' ही अक्षरं.

डबी सगळ्यांना सारखीच. आत काय भरायचं, हा मात्र खरा डोकेफोडीचा प्रश्न. त्याचं उत्तर वाचताना मला अगदी आपल्या कामातल्या रिक्वायरमेंटच्या तक्त्याची आठवण झाली. ब्रिटिश सैनिकाला पाइप, तंबाखू, २० सिगारेटी, लायटर, कार्ड आणि राजकन्येचा फोटो. जो ओढत नाही त्याला आंबट गोळ्या आणि कागद, पाकिटं, पेन्सिल असलेलं लिहिण्याचं साहित्य. नर्सना चॉकलेट. गुरख्यांना ब्रिटिशांसारखंच सगळं. शिखांना खडीसाखरेने भरलेली डबी, मसाल्याचा टिनचा एक डबा आणि कार्ड. तंबाखू का नाही, हे नांदेडकडच्या माणसाला समजावून सांगायला नको! बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर, मसाल्याचा डबा आणि कार्ड.

आणि यादीच्या शेवटी भिश्ती. म्हणजे फक्त पाणके नव्हेत, छावणीतली नोंदणीकृत नोकरमंडळी सगळी त्यात धरली होती. त्यांना मसाल्याचा डबा आणि कार्ड. पितळी डबी नाही. गोळ्यांच्या पावसात पाणी पोचवणारा माणूस पितळेच्या लायक ठरला नाही. कुणाला कोण काय समजत होतं, ते यादी न बोलता सांगून जाते.

वाटपही टप्प्याटप्प्याने झालं. आधी आरमार आणि फ्रान्सची आघाडी, मग बाकी परदेशातलं सैन्य, शेवटी मायदेशातलं. नाताळपर्यंत चार लाखांहून जास्त डब्या पोचल्या होत्या. मग पितळच कमी पडायला लागलं. मे १९१५ मध्ये लुसिटानिया बोट बुडाली तेव्हा तिच्याबरोबर या डब्यांसाठी अमेरिकेहून येणारं ४५ टन पितळही समुद्रात गेलं. शेवटी फंड १९२० मध्ये बंद झाला, तोवर २५ लाखांहून जास्त डब्या वाटून झाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या माणसाला हे मध्येच काय सुचलं? तर कारण घरचंच आहे. माझा चुलत भाऊ फौजेत आहे. गाव आमचं लोहा, नांदेड-लातूर रस्त्यावरचं. पुढच्या आठवड्यात सुट्टी संपवून तो निघतोय. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस धरायची, आणि तिथून पुढे कुठेतरी खूप उंचावर. नेमकं कुठे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. घरात मात्र प्रत्येकाला त्याला काहीतरी द्यायचंय. काकूंनी दोन किलो लाडवांचा बेत आखलाय. बहिणीला फिटनेस बँड द्यायचाय. काकांच्या मते जाड रग हवाच. तो बिचारा हसून एकच म्हणाला, "दादा, उगं लई देऊ नका बरं. शेवटी उचलायचं मलाच हाय."

म्हणून मी शनिवार-रविवार जुन्या याद्या वाचत बसलो. आधी कुणीतरी हे कोडं सोडवलेलं असणारच, ही आपली सवय!

१९१४ मध्ये लोहा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच म्हणा, ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानचे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडदळ, त्या युद्धात इजिप्तपर्यंत गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा आहे (बाकी दोन जोधपूर आणि म्हैसूरचे). तिकडे मुंबई इलाख्यातल्या मराठा पलटणी नोव्हेंबर १९१४ मध्येच इराकला, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, उतरल्या होत्या. तक्त्याप्रमाणे त्यांचा नंबर 'बाकीचे हिंदी सैनिक' या ओळीत: सिगारेटी, खडीसाखर, मसाला.

त्यातला मसाला मला सगळ्यात भारी वाटतो. पाइप आहे तो पाइपच राहतो. चॉकलेट दोन दिवसांत संपतं. पण चिमूटभर मसाला काय करतो? सरकारने दिलेल्या बेचव डाळीला घरच्यासारखं करतो. म्हणजे तो स्वतः भेट कमी आणि तिथे आधीच असलेल्या वस्तूला बदलणारा जास्त. वजन नगण्य, काम रोज दोन वेळा. लंडनच्या समितीने हे मनापासून केलं की फौज खूश ठेवायला, कुणास ठाऊक. पण चाल अचूक होती.

ती पुडी नसली तर काय होतं, तेही याच पलटणींनी पाहिलं. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुत-अल-अमारा या गावाला वेढा घातला. आत सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. रेशन घटत गेलं आणि घोडे कापायची वेळ आली. ब्रिटिश सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी कितीतरी दिवस नाकारलं. धर्माचा प्रश्न होताच, शिवाय गावाकडे कळलं तर काय, ही धास्ती. ताजी भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत. गंमत (गंमत कसली!) अशी की पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिशांना बेरीबेरी झाला, आणि आट्याच्या रोट्या खाणारे आपले लोक त्यातून बरेचसे वाचले. बाहेरून विमानं धान्याची पोती टाकत होती, दळायला गिरणीचा दगडसुद्धा टाकला. पण पुरेसं कधीच पोचलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैदी झाली आणि त्यातली कित्येक परत आलीच नाहीत.

याच युद्धाच्या अखेरच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कर्व्हीवर काम केलं. त्यांनी दाखवलं की कोरडं कडधान्य स्कर्व्हीवर उपयोगाचं नाही, पण तेच भिजवून मोड आणले की उपयोगी पडतं. म्हणजे आपली मोडाची मटकी हो! पिशवीत महिनोन्महिने टिकते, पाणी लागलं की ताजी भाजी होते. यालाच मी मगाशी मसाल्याचं तत्त्व म्हणत होतो: थोडंसं न्यायचं, तिथे गेल्यावर त्याचं पुष्कळ व्हायचं.

आता बहिणीचा फिटनेस बँड. वजन नाहीच, रोज वापरात, मग हरकत काय? हरकत आहे. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपने लोकांच्या धावण्याच्या नोंदींचा एक जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की निर्जन वाळवंटात मध्येच चमकणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळांभोवती सकाळी पळणारे जवान! जुलै २०२० मध्ये तर भारतीय लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स काढून टाकायला सांगितली. जी वस्तू परस्पर बाहेर बोलते, ती सैनिकाला देऊ नये. पितळी डबीची ही मोठीच सोय, ती गप्प बसायची. बहिणीला हे पटलं, पण ती हिरमुसली. शेवटी भावानेच तोडगा काढला. म्हणाला, "तू चिठ्ठ्या लिही. नेट नसलं तरी डाक येते." खरंच आहे. सैन्याची स्वतःची टपाल व्यवस्था आहे. पाकिटावर गाव नसतं, फक्त युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओ. पत्र बरोबर पोचतं.

तर आमची यादी अशी ठरली. येसर पाव किलो. (मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: धान्य, डाळ आणि मसाला भाजून केलेलं पीठ. गरम पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार.) मटकी पाव किलो. तो म्हणतो, वर थंडीत मोड यायला वेळ लागतो, पण बुखारीजवळ ठेवली की येतात. खडीसाखर शंभर ग्रॅम. दोन पेन्सिली, कारण कडाक्याच्या थंडीत बॉलपेनची शाई घट्ट होते. अंतर्देशीय पत्रं दहा. आणि काकूंनी माळेगावच्या खंडोबाचा भंडारा कागदात बांधून दिलाय, त्याचं वजन धरायचं नाही असं ठरलंय :) सगळं मिळून एक किलोच्या आत. लाडवांचं काय झालं विचाराल तर, ते गाडीत दिल्लीपर्यंत संपवायचे आहेत, डब्यातल्या बाकी प्रवाशांच्या मदतीने.

जाता जाता एक गोष्ट. त्या १९१४ च्या डब्या आजही लिलावात विकल्या जातात. रिकामी डबी स्वस्तात मिळते. आतलं सगळं जसंच्या तसं असलेली डबी मात्र दुर्मीळ, तिला भाव खूप. संग्राहकाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण भेट देणाऱ्याच्या बाजूने बघा. भरलेली डबी म्हणजे न उघडलेली भेट. मालकाने ती जपून ठेवली असेल, घरी पाठवली असेल, किंवा उघडायला तो राहिलाच नसेल. रिकामी डबी म्हणजे कुणीतरी खडीसाखर खाल्ली, डाळीत मसाला घातला, आणि मग त्या डबीत सुईदोरा, पत्रं, बटणं ठेवून ती युद्धभर खिशात वागवली.

तुमच्या घरातलं कुणी निघत असेल तर रिकामं होऊन परत येईल असंच काहीतरी द्या.