फवारणीतून होणारी विषबाधा: पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माहीत असावं असं काही

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. राज्य बदलतं, पण पराटी तीच, बोंडअळी तीच आणि फवारणीचा पंपही तोच. बेला, जैनथ, तामसी भागातल्या मराठी बोलणाऱ्या घरांत कीटकनाशकाला आजही ‘औषध’च म्हणतात. आहे मात्र ते विष.

2017 मध्ये काय झालं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जण दगावले. महाराष्ट्र सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या काळात पुढे आलेली कारणं साधी होती. पराटी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा पायांऐवजी तोंडावर येत होता. दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळली जात होती. जास्त दाबाच्या ‘चायना पंपा’तून बारीक तुषार उडत होते. त्यात उकाडा आणि घाम. हातमोजे, चष्मा, मास्क बहुतेकांकडे नव्हतेच.

विष शरीरात कसं जातं?

फक्त तोंडावाटे नाही. कातडी, डोळे आणि श्वास, या तिन्ही वाटांनी जातं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मज्जातंतूंचं काम बिघडवतात. लक्षणं अशी: डोकं दुखणं, मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं, श्वास अडकणं. उन्हामुळे चक्कर आली असेल, असं समजून घरी झोपून राहणं जिवावर बेतू शकतं.

डब्यावरचा त्रिकोण

माहितीपत्रक मराठीत मिळेलच असं नाही, पण रंग कुणालाही कळतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी विषारी. हिरवा असला तरी ते विषच आहे.

फवारणीआधी आणि फवारताना

- लांब बाह्यांचा शर्ट, फुल पँट, रबरी किंवा नायट्राइल हातमोजे, चष्मा, बूट. तोंडाला बांधलेला दुपट्टा वाफ अडवत नाही.
- सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडे पाठ करून फवारावं. उपाशीपोटी जाऊ नये.
- दुकानदाराने सांगितलं म्हणून मनाने मिश्रण करू नये. औषध हाताने ढवळू नये, काठी वापरावी.
- नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नये.
- मधे बिडी, तंबाखू, पाणी घ्यायचं तर आधी साबणाने हात धुवावेत.
- काम संपल्यावर आंघोळ करावी. कपडे वेगळे धुवावेत.
- रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरू नये.

1971 च्या कीटकनाशक नियमांत ही कामं करणाऱ्यांना संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. रोजंदारीवर गेलेल्या मजुराने ते मागणं म्हणजे नखरा नव्हे.

बाधा झाली तर

माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावं. कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावं. हे करणाऱ्यानेही मोजे घालावेत. शुद्ध हरपली तर कुशीवर झोपवावं. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नये, उलटी करवू नये. 108 वर गाडी बोलवावी, ही सेवा दोन्ही राज्यांत आहे. डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यावं, कारण उपचार कोणतं विष आहे त्यावर ठरतात. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये ॲट्रोपिन हे मुख्य इंजेक्शन असतं. आदिलाबादला रिम्स आणि यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची मोठी रुग्णालयं आहेत.

कागद महत्त्वाचा

दवाखान्याच्या कागदावर ‘फवारणी करताना बाधा’ असं नोंदवून घ्यावं. नुसतं ‘विष घेतलं’ लिहिलं गेलं तर आत्महत्येचा संशय येतो आणि पुढे मदत अडते. तेलंगणात 2018 पासून रैतू बीमा आहे. 18 ते 59 वयाच्या, नावावर जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाला 5 लाख रुपये मिळतात. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. पण दोन्हीकडे आधार सातबारा किंवा पासबुकाचाच. पंप पाठीवर घेणारा मात्र बऱ्याचदा बिगरजमिनीचा मजूर असतो, कधी नदीपलीकडून आलेला. त्याच्या घरच्यांसाठी तो दवाखान्याचा कागदच पहिला आधार ठरतो.