जव्हार-मोखाड्याच्या डोंगरवाटा आणि जीपचे डिझेलीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाहतुकीच्या इतिहासात रेल्वे, बंदरे व महामार्ग यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे डोंगरी भागातील कच्च्या वाटांवर धावणाऱ्या लहान वाहनांना मिळालेले नाही. जीप हे असेच एक उपेक्षित वाहन होय. स्वातंत्र्योत्तर काळात या वाहनाच्या बाह्य रूपात फारसा फरक पडला नाही. मात्र त्याच्या पोटातील पेट्रोल इंजिन जाऊन तेथे डिझेल इंजिन आले. वरकरणी ही केवळ तांत्रिक बाब वाटते. वस्तुतः या बदलामुळे वाहनाचा मालक बदलला, प्रवासी बदलला आणि वाहनाचे सामाजिक स्थानही बदलले.

प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुके, विशेषतः जव्हार तालुक्यातील वांगणी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील वांगणी स्थानक वेगळे. येथे अभिप्रेत असलेली वांगणी ही वावर या शेजारगावासह ‘वावर-वांगणी’ अशा जोडनावाने महाराष्ट्राला परिचित झालेली आहे. हा परिचय दुःखद आहे व त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल. जीपच्या डिझेलीकरणाची कारणे व स्वरूप स्पष्ट करणे आणि दुर्गम आदिवासी भागाच्या दृष्टीने त्याचा लाभ व मर्यादा तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेशाची पार्श्वभूमी

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची निर्मिती झाली तेव्हा जव्हार व मोखाडा हे तालुके नव्या जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या समाजांची येथे प्रामुख्याने वस्ती आहे. सह्याद्रीच्या उतारावरील हा प्रदेश पावसाळ्यात मुसळधार पाऊस झेलतो. नागली व वरई ही येथील वरकस जमिनीतील पिके. पावसाळा सरल्यावर मजुरीसाठी बाहेर पडणे हा अनेक कुटुंबांचा वार्षिक क्रम. वैतरणा खोऱ्यातील धरणांतून मुंबईला पाणी जाते; मात्र त्याच खोऱ्यातील पाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. गावे विखुरलेली, पाडे डोंगराच्या सोंडांवर वसलेले आणि मध्ये ओहोळ. अशा भूरचनेत वाहनाच्या चारही चाकांना ओढ असणे ही चैन नसून गरज ठरते.

२. जीपचे आगमन : शासनाचे वाहन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निर्माण झालेली विलीस जीप युद्धानंतर जगभर पसरली. मुंबईत १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. १९४७ मध्ये तिने विलीस वाहने सुट्या भागांच्या स्वरूपात आयात केली व पुढे माझगाव येथे त्यांची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. उंच बॉनेट असलेली ‘सीजे-३बी’ ही जीप भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ टिकली. बॉनेट उंच करण्याचे कारण तिचे ‘हरिकेन’ इंजिन हे होते. सुमारे २,२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते.

ग्रामीण व आदिवासी भागात ही जीप प्रथम पोहोचली ती शासनाचे वाहन म्हणून. महसूल, वन, पोलीस, पाटबंधारे आणि विकास गट या खात्यांचे अधिकारी जीपने येत. हिवताप निर्मूलन व देवी निर्मूलन या मोहिमांतही जीपचा वापर झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफच्या साहाय्यानेही वाहने मिळाली. पेट्रोलचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असल्याने तिच्या भुकेची चिंता वापरणाऱ्याला नव्हती. सामान्य गावकऱ्याच्या लेखी जीप म्हणजे धुरळा उडवीत येणारे आणि संध्याकाळपूर्वी परत जाणारे सरकार. ती गावात येई. गावाची मात्र नव्हती.

३. इंधनाचे अर्थकारण

या स्थितीला पहिला धक्का बसला तो १९७३ च्या तेलसंकटामुळे. अरब राष्ट्रांच्या निर्यातबंदीनंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. १९७९ मधील इराणी क्रांतीने दुसरा धक्का दिला. भारतात इंधनाचे दर शासन ठरवीत असे. शेतीचे पंप, ट्रॅक्टर, मालमोटारी व एस.टी. बस डिझेलवर चालत असल्याने ते स्वस्त ठेवण्याचे धोरण होते. याउलट पेट्रोल हे मोटारबाळगत्या वर्गाचे इंधन मानून त्यावर अधिक बोजा टाकला गेला. डिझेल इंजिनाची इंधनबचत आणि डिझेलचा कमी दर असा दुहेरी लाभ यातून निर्माण झाला. पेट्रोलवर चालणारी जीप भाड्याने चालवून पोट भरणे अवघड होते. डिझेलवर ते शक्य झाले. जीपच्या डिझेलीकरणाचे मूळ अशा रीतीने यंत्रशास्त्रापेक्षा करनीतीत अधिक आहे.

जीपला डिझेल इंजिन बसविण्याची कल्पना मात्र केवळ भारतीय नव्हे. अमेरिकेतही १९६० च्या दशकात सीजे-५ व सीजे-६ या जीपना ब्रिटिश पर्किन्स डिझेल इंजिनाचा पर्याय उपलब्ध होता. तेथे पेट्रोल स्वस्त असल्याने तो फारसा रुजला नाही. एकच यांत्रिक कल्पना एका देशात बाजूला पडते आणि दुसऱ्या देशात सार्वत्रिक होते, याचे कारण त्या त्या समाजाच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते.

४. कारखान्यातील बदल

१९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहभागाने ट्रॅक्टरनिर्मितीची कंपनी स्थापन झाली. मुंबईतील कांदिवली येथे बी-२७५ हा ३५ अश्वशक्तीच्या वर्गातील ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९७० च्या दशकात याच ट्रॅक्टरच्या इंजिनापासून विकसित केलेले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. शेत नांगरणारे इंजिन डोंगर चढू लागले, असे याचे वर्णन करता येईल. हे इंजिन जड, आवाजी आणि संथ होते. परंतु कमी फेऱ्यांवर जोर देण्याचा ट्रॅक्टरचा गुण त्यात होता व घाटात तोच उपयोगी पडे.

१९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाच्या निर्मितीचा परवाना महिंद्रने घेतला. २,११२ घन सेंटिमीटरचे हे इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा अधिक फेऱ्यांवर चालणारे होते. १९८५ च्या सुमारास आलेल्या एमएम-५४० या जीपमुळे ते सर्वपरिचित झाले. कंपनीच्या इंजिननिर्मितीचे एक प्रमुख केंद्र इगतपुरी येथे उभे राहिले. मोखाड्याहून खोडाळामार्गे घाटमाथ्याकडे जाणाऱ्यास इगतपुरी परकी नाही. डोंगराच्या एका अंगाला इंजिने तयार होत असताना दुसऱ्या अंगाच्या पाड्यांवर वाहन पोहोचत नव्हते, ही विसंगती अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे.

५. गॅरेजमधील बदल

कारखान्यातील बदलास समांतर असा एक बदल गॅरेजांत घडत होता व त्याची कागदोपत्री नोंद अत्यल्प आहे. लष्कराच्या व सरकारी खात्यांच्या निकाली काढलेल्या पेट्रोल जीप लिलावात विकल्या जात. त्या विकत घेऊन त्यांत जुने डिझेल इंजिन बसविण्याचा उद्योग महाराष्ट्रभर चालला. त्यासाठी ट्रॅक्टर-जातीची इंजिने, प्यूजो इंजिने, पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरची इंजिने, जे हाताशी येईल ते वापरले जाई.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साधारण सातपट दाबले जाऊन ठिणगीने पेटते. त्या काळच्या लहान डिझेल इंजिनात केवळ हवा वीस पटींच्या आसपास दाबून तापविली जाते आणि तीत पंप व नोझलद्वारे डिझेल फवारले जाते. एवढा दाब सोसण्यासाठी इंजिनाची घडण जाड व वजनदार असते. त्यामुळे चेसिसवर नवे फाउंडेशन वेल्डिंग करून बसवावे लागे. इंजिन व जुना गिअरबॉक्स यांच्या बोल्टांची भोके जुळत नसल्याने मध्ये लेथवर तयार केलेली पोलादी प्लेट घालावी लागे. ही प्लेट केसभर जरी तिरकी बसली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट व क्लच लवकर झिजत. पुढचे पाटे वाढवावे लागत, रेडिएटर मोठा करावा लागे, हीटर प्लगांसाठी सक्षम बॅटरी लागे. डिझेल इंजिनाच्या फेऱ्या कमी असल्याने जुन्याच डिफरन्शियलवर गाडीचा कमाल वेग घटे. काम जमले नाही, तर थरथर इतकी होई की नट-बोल्ट आपोआप सैल होत.

तथापि लाभही मोठे होते. डिझेल इंजिनात डिस्ट्रिब्यूटर, कॉइल व स्पार्क प्लग नसतात. ओढा ओलांडताना पाणी उडून ठिणगी विझण्याचे भय त्यामुळे उरले नाही. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन इंधनपुरवठा तुटण्याचा त्रासही टळला. या रूपांतरामागे कोणतेही पाठ्यपुस्तक नव्हते. लोहारकाम, लेथकाम आणि अनुभव यांतून तयार झालेले हे लोकतंत्रज्ञान होते. ज्यांनी ते घडविले त्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत.

६. वांगणीचा प्रश्न

डिझेल जीपने ग्रामीण महाराष्ट्रात खासगी प्रवासी वाहतूक रुजवली. जिथे एस.टी. दिवसातून एखाद-दुसरी फेरी करी, तिथे जीप माणसे भरेपर्यंत थांबून निघे. बाजार, शाळा, कचेरी व दवाखाना येथे जाणे सुलभ झाले. क्षमतेपेक्षा अधिक माणसे कोंबणे, टपावर व मागील फळीवर उभ्याने प्रवास आणि त्यातून होणारे अपघात ही या वाहतुकीची काळी बाजू होती. नियमाच्या दृष्टीने यातील बरीचशी वाहतूक अवैध होती. गरजेच्या दृष्टीने ती अपरिहार्य होती.

असे असता १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषण व आजारांनी दगावल्याचे उघडकीस आले आणि महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर हे घडले होते. त्या वेळी डिझेल जीप बाजारात येऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला होता. यंत्र उपलब्ध होते, इंधन स्वस्त होते, वाहन डोंगर चढण्यास समर्थ होते. उणीव होती ती बारमाही रस्त्याची, घरातील धान्याची, हाताला कामाची आणि वेळेवर पोहोचणाऱ्या आरोग्यसेवेची. जीप रस्ता नसलेल्या ठिकाणी जाते असे म्हटले जाते. परंतु भाड्याची जीप तिथेच जाते, जिथे भाडे देणारा असतो. ज्या कुटुंबाकडे नागली संपलेली आहे, त्याच्यासाठी स्वस्त डिझेलही महागच.

२०१४ पासून महाराष्ट्रात ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडी येथील एका प्रसूत मातेला रस्त्याअभावी झोळीतून न्यावे लागले आणि तिची जुळी बालके दगावली. जीप, रुग्णवाहिका आणि झोळी ही तिन्ही साधने या प्रदेशात एकाच काळात नांदत आहेत.

७. कायदा आणि बदलता काळ

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांचे नियमन होते. २००० मधील दुरुस्तीने ते अधिक कडक झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे नव्या डिझेल इंजिनांची रचना गुंतागुंतीची झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्याने ज्या दरफरकातून गॅरेजचा हा उद्योग जन्मला, तोही आटला. सुरक्षितता व प्रदूषण यांचा विचार करता हे नियम योग्यच आहेत. मात्र एका लोकतंत्रज्ञानाचा अध्याय त्यामुळे मिटत आला आहे, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. जीपचे डिझेलीकरण हे तांत्रिक प्रगतीचे सरळ फलित नसून १९७३ नंतरची तेलदरवाढ आणि शासनाचे दरधोरण यांचा परिणाम होता.

२. या बदलाने जीप शासनाच्या ताब्यातून निघून ग्रामीण प्रवाशाच्या आवाक्यात आली. कारखान्याइतकाच यात गॅरेजमधील कारागिराचा वाटा आहे. आज हयात असलेल्या जुन्या कारागिरांच्या मौखिक साक्षी वेळीच नोंदविल्या न गेल्यास हा इतिहास नष्ट होईल.

३. वाहनाची क्षमता आणि समाजाची पोहोच या भिन्न गोष्टी आहेत. वावर-वांगणीचे उदाहरण हेच सांगते. इंजिन बदलता आले. ज्या व्यवस्थेने वांगणीला वाटेच्या शेवटी ठेवले, ती बदलण्यास मात्र विलंब झाला. दुर्गम भागाच्या विकासाचा विचार करताना वाहन कोणते, या प्रश्नाआधी ते कोणासाठी आणि कोठपर्यंत, हा प्रश्न विचारावा लागेल.